ग्रामपंचायतीतली जागा रिकामी झाली, आता पुढे काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रामपंचायतीच्या कामाबद्दल लोक मला जे प्रश्न पाठवतात, त्यांत रिकाम्या जागेबद्दलचे प्रश्न सर्वांत जास्त असतात. कोणाचे सदस्य वारलेले असतात, कोणाच्या सरपंचांनी राजीनामा दिलेला असतो, कोणाच्या वॉर्डातल्या ताई अपात्र ठरलेल्या असतात. आपल्या वॉर्डाचं म्हणणं मासिक सभेत मांडायला कोणी उरलेलं नाही, हीच या सगळ्यांची तक्रार असते. ती रास्त आहे, म्हणून उत्तरं एका जागी लिहिली आहेत. मुख्य भर महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतींवर, म्हणजे १९५८ च्या महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमावर आहे. जिल्हा परिषद, शहरं, छावणी आणि गोवा यांचं थोडक्यात शेवटी आहे.

१. जागा ‘रिक्त’ झाली असं नेमकं कधी म्हणायचं?

मृत्यू, लागू झालेला राजीनामा, अपात्रता, विनापरवानगी दीर्घ गैरहजेरी किंवा पदावरून काढून टाकणं, यांपैकी काही घडलं की जागा रिक्त होते. सदस्य सभेला येईनासा झाला, पुण्याला राहायला गेला किंवा तोंडाने ‘मी सोडलं’ म्हणाला, तर तेवढ्याने जागा रिक्त होत नाही. कागदावर यावं लागतं आणि तो कागद जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत पोहोचावा लागतो. कायद्याचं कलम ४३ रिक्त जागेची सूचना जिल्हाधिकाऱ्यांना दिली गेली आहे हे धरूनच सुरू होतं. बऱ्याच गावांचं घोडं याच पायरीवर अडतं.

२. रिकाम्या जागेवर ग्रामपंचायत ठराव करून कोणाला घेऊ शकते का?

नाही. सदस्याची जागा निवडणुकीनेच भरते. सरपंच, ग्रामसभा, आमदार किंवा पालकमंत्री, कोणालाही तिथे माणूस नेमता येत नाही. पोटनिवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत कलम २४३-के आलं आणि मतदार यादीपासून मतदानापर्यंतचं सगळं नियंत्रण आयोगाकडे गेलं. महाराष्ट्रात हा आयोग १९९४ पासून आहे. आयोग कार्यक्रम जाहीर करतो आणि प्रत्यक्ष काम तहसील पातळीवर निवडणूक निर्णय अधिकारी करतात. शहरांतल्या ‘स्वीकृत’ सदस्यांची रीत वेगळी आहे, ती प्रश्न १९ मध्ये.

३. माझे वडील सदस्य होते, ते वारले. त्यांच्या जागी मला किंवा आईला घेतील का?

हा प्रश्न लोक फार संकोचून विचारतात, पण त्यात संकोचण्यासारखं काही नाही. कायद्याचं उत्तर मात्र ‘नाही’ असंच आहे. अनुकंपा नोकरीत असते, निवडून आलेल्या पदावर नसते. तुम्ही किंवा आई पोटनिवडणुकीला उभे राहू शकता. वय २१ पूर्ण हवं, नाव मतदार यादीत हवं आणि जागा राखीव असेल तर त्या प्रवर्गात बसायला हवं. अनेक गावांत अशा वेळी बाकीचे लोक अर्जच भरत नाहीत आणि घरातली व्यक्ती बिनविरोध येते. तो गावाचा मोठेपणा असतो, कायदेशीर हक्क म्हणून मागता येत नाही.

एक काम तेवढं लगेच करा. गावातल्या मृत्यूची नोंद ज्या कार्यालयात होते, त्याच कार्यालयातून जागा रिक्त झाल्याचं पत्र निघायचं असतं. तरी ते आपोआप निघेल असं समजू नका. मृत्यूचा दाखला हातात आला की त्याची प्रत जोडून ग्रामसेवकांकडे, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे, अर्ज द्या आणि पोच घ्या.

४. दीड वर्ष झालं, आमच्या वॉर्डाची जागा रिकामीच आहे. पोटनिवडणूक का लागत नाही?

महाराष्ट्रात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत. एकेका जागेसाठी आयोग वेगळा कार्यक्रम लावत नाही. ठरावीक तारखेपर्यंत रिक्त झालेल्या जागांची माहिती जिल्ह्यांकडून मागवली जाते आणि सगळ्यांचं मतदान एकदम होतं. ५ नोव्हेंबर २०२३ चं उदाहरण घ्या. त्या दिवशी २,३५९ ग्रामपंचायतींची सार्वत्रिक निवडणूक होती आणि तिच्या जोडीला २,९५० सदस्यपदं आणि १३० सरपंचपदं यांच्या पोटनिवडणुकांचा कार्यक्रम लागला होता.

म्हणजे तुमची जागा त्या यादीत वेळेवर चढली नाही, तर गाडी चुकते आणि पुढच्या गाडीची वाट पाहावी लागते. यादीत न चढण्याची कारणं बहुतेक वेळा साधी असतात. ग्रामपंचायतीतून कळवलेलंच नसतं, पंचायत समितीला कळवलेलं असतं पण तहसीलला नाही, किंवा अपात्रतेचा आदेश झालेला असतो आणि त्यावर अपील पडून असतं (प्रश्न १२).

माझ्या आत्याच्या गावात तीन नंबरच्या वॉर्डाची जागा अशीच पडून होती. गावात सगळे म्हणायचे की वरूनच दाबलंय. चौकशी केल्यावर कळलं, पत्र लिहिलेलं होतं, त्यावर सहीसुद्धा होती, फक्त जावक क्रमांक पडलेला नव्हता. पत्र ग्रामपंचायतीच्या लोखंडी कपाटातच होतं. त्या वॉर्डातल्या बायका तोवर दोन उन्हाळे टँकरच्या रांगेत उभ्या राहिल्या होत्या, आणि त्यांचं गाऱ्हाणं सभेत मांडायला हक्काचं माणूस नव्हतं.

५. मग आम्ही गावकऱ्यांनी काय करायचं?

आधी कागद कुठवर गेला ते शोधा. वाट अशी असते: ग्रामपंचायत, तिथून गटविकास अधिकारी आणि तहसीलदार, मग जिल्हाधिकारी कार्यालयाची ग्रामपंचायत निवडणूक शाखा आणि शेवटी आयोग. प्रत्येक ठिकाणी एकच विचारा: ‘आमच्या गावाची रिक्त जागा कळवल्याचा जावक क्रमांक आणि तारीख द्या.’ तोंडी उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज टाका. ग्रामसभेतही विषय घ्या आणि इतिवृत्तात नोंद होते आहे ना ते पाहा. मोर्चा आणि उपोषण नंतर. माझा अनुभव असा की जावक क्रमांक मागणारा माणूस दारात उभा राहिला की फाइल हलते.

६. गेल्या वेळी मी तीन बटणं दाबली होती. पोटनिवडणुकीत एकच का?

ग्रामपंचायतीच्या एका वॉर्डात सहसा दोन किंवा तीन जागा असतात आणि जितक्या जागा तितकी मतं. पोटनिवडणुकीत रिकामी झालेली जागा एक असेल, तर मतही एकच. त्या वॉर्डाचे मतदारच मत देतात, शेजारच्या वॉर्डाचे नाही. सरपंच थेट जनतेतून निवडला गेला असेल आणि त्याचं पद रिकामं झालं, तर मात्र सगळं गाव मतदान करतं.

मतदार यादी विधानसभेचीच असते, ती वॉर्डनिहाय फोडली जाते. म्हणून कार्यक्रम जाहीर झाल्यावर ‘माझं नाव घाला’ म्हणत धावपळ करून उपयोग होत नाही. विधानसभेच्या यादीत नाव आहे का, ते आधीच बघून ठेवा. नाव चुकीच्या वॉर्डात पडलं असेल, तर प्रारूप यादीवर हरकत घेण्याच्या दिवसांत ते दुरुस्त होतं.

७. जागा ओबीसी महिलेसाठी राखीव होती. पोटनिवडणुकीत ती सर्वसाधारण होईल का?

पाच वर्षांच्या मुदतीत आरक्षण फिरत नाही. ज्या प्रवर्गाची जागा रिकामी झाली, त्याच प्रवर्गासाठी पोटनिवडणूक होते. सरपंचपदाच्या आरक्षणाचंही तसंच. पेसा, म्हणजे आदिवासी भागांसाठीचा पंचायत कायदा, लागू असलेल्या गावांत सरपंचपद अनुसूचित जमातीसाठीच असतं, त्यामुळे रिकाम्या पदावर येणारी व्यक्तीही त्याच प्रवर्गातली असते. आरक्षणच न्यायालयाने रद्द केलं तर काय होतं, याचं मोठं उदाहरण प्रश्न १८ मध्ये आहे.

८. पोटनिवडणुकीत निवडून आलेल्याला पाच वर्षं मिळतात का?

नाही, उरलेली मुदतच मिळते. ग्रामपंचायतीची पाच वर्षं पहिल्या सभेच्या तारखेपासून मोजतात. साडेतीन वर्षांनी जागा भरली, तर दीडच वर्ष. मुदत अगदी संपत आली असेल, तर ती जागा सार्वत्रिक निवडणुकीतच भरली जाते.

९. राजीनामा कोणाकडे द्यायचा? आम्ही सगळ्यांनी तहसीलदारांकडे दिले आहेत.

सदस्याने सरपंचाच्या नावे आणि सरपंचाने पंचायत समितीच्या सभापतींच्या नावे, स्वतःच्या सहीने लेखी द्यायचा. उपसरपंचपदाचा राजीनामा सरपंचाकडे. पाण्यासाठी, रस्त्यासाठी किंवा आरक्षणासाठी चाललेल्या आंदोलनात सामुदायिक राजीनामे तहसीलदार, जिल्हाधिकारी, थेट मुख्यमंत्री यांच्याकडे पाठवतात. त्यांतला रोष खरा असतो. पण पत्र कायद्याने सांगितलेल्या माणसाकडे गेलेलं नसलं, तर जागा रिक्त होत नाही.

राजीनामा मिळाला त्या क्षणी लागूही होत नाही. तो ग्रामसेवकांकडे जातो आणि लगेच पुढच्या सभेसमोर ठेवला जातो. सभेसमोर ठेवल्यापासून सात दिवसांत वाद निघाला नाही, तर त्यानंतर तो लागू होतो. तोवर ती व्यक्ती सदस्यच असते. सभेने तो ‘मंजूर’ करावा लागतो हा समज चुकीचा आहे. सभेसमोर ठेवणं पुरेसं असतं.

१०. राजीनाम्यावरची सही माझी नाही. किंवा कोऱ्या कागदावर आधीच घेऊन ठेवली होती. आता?

हे फार गावांत होतं, विशेषतः ‘अडीच वर्षं तू, अडीच वर्षं मी’ असा शब्द झालेला असतो तिथे. वहीचं रेघांचं पान, वर एका शाईत मजकूर, खाली दुसऱ्या शाईत सही, आणि तारखेच्या जागी खाडाखोड. असा कागद मी स्वतः पाहिला आहे. सही करणाऱ्या वहिनींना लिहितावाचता येत होतं, पण सही केली तेव्हा वर वाचायला काही नव्हतंच.

राजीनामा खरा नाही असं तुमचं म्हणणं असेल, तर तो सभेसमोर ठेवल्यापासून सात दिवसांच्या आत जिल्हाधिकाऱ्यांकडे वाद दाखल करा. त्यांनी शक्यतो १५ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. तो पटला नाही तर पुढच्या सात दिवसांत विभागीय आयुक्तांकडे अपील. वाद चालू आहे तोवर राजीनामा लागू होत नाही. या सात दिवसांना फार जपा. आठव्या दिवशी वकिलाकडे गेलेले लोक मी पाहिले आहेत आणि त्यांना सांगायला माझ्याकडे फारसं काही नसतं. कोऱ्या कागदावर कोणालाच सही देऊ नका, दिराला नाही आणि गटप्रमुखाला तर मुळीच नाही.

११. सरपंचपद रिकामं झालं. आता गावाचा कारभार कोण बघणार?

उपसरपंच. सरपंच नसताना त्यांची कामं उपसरपंचांकडे येतात, म्हणजे सभा घेणं, सह्या करणं वगैरे. मात्र त्यामुळे ते सरपंच होत नाहीत. पद भरलं की ते आपल्या जागी परत येतात.

पद कसं भरायचं हे सरपंच कसा निवडून आला होता यावर ठरतं. थेट जनतेतून आला असेल तर गावभर पोटनिवडणूक. सदस्यांमधून आला असेल, तर सदस्यांची खास सभा होऊन त्याच प्रवर्गातल्या सदस्याची निवड होते. हा गोंधळ होण्याचं कारण कायदाच तीनदा फिरला आहे: २०१७ साली थेट निवड आली, २०२० साली ती रद्द झाली, २०२२ साली पुन्हा आली. उपसरपंच मात्र कायम सदस्यांमधूनच निवडला जातो.

१२. अपात्रता कोण ठरवतं? कलेक्टरसाहेबांनी अपात्र केलं की जागा लगेच रिकामी का?

कलम १४ मध्ये अपात्रतेची कारणं आहेत. माझ्याकडे येणारे प्रश्न मुख्यतः चार कारणांचे असतात. एक, दोनपेक्षा जास्त अपत्यं. ही अट १३ सप्टेंबर २००० पासून लागू झाली आणि त्यानंतरच्या एका वर्षात झालेलं अपत्य धरलं जात नाही. दोन, सरकारी किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण. तीन, ग्रामपंचायतीची किंवा जिल्हा परिषदेची थकबाकी, मागणीची नोटीस आल्यापासून तीन महिन्यांत न भरणं. चार, ग्रामपंचायतीच्या कामाच्या ठेक्यात स्वतःचा हितसंबंध असणं.

निर्णय जिल्हाधिकारी देतात, म्हणणं मांडायची संधी देऊन. त्याविरुद्ध १५ दिवसांत अपील करता येतं, ते व्यवहारात विभागीय आयुक्तांसमोर चालतं. नुसतं अपील दाखल करून भागत नाही, स्थगितीही मागावी लागते. स्थगिती मिळाली तर जागा रिक्त धरत नाहीत आणि पोटनिवडणूक थांबते. नाही मिळाली तर कार्यक्रम पुढे जाऊ शकतो.

अतिक्रमणाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण गावातलं राजकारण आजकाल याच वाटेने जातं. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितलं की अतिक्रमण मूळ कुटुंबातल्या कोणी केलेलं असलं, तरी त्या जागेत राहणारा सदस्य अपात्र ठरू शकतो. या निकालानंतर तक्रारींचा पाऊस पडला. सासऱ्यांच्या घराच्या ओट्यावरून सूनबाईंचं पद गेल्याची उदाहरणं झाली. पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या विचखेडा गावच्या महिला सरपंचांना सर्वोच्च न्यायालयाने पद परत दिलं आणि निवडून आलेल्या प्रतिनिधीला, त्यातही ग्रामीण महिलेला, काढून टाकण्याची बाब इतक्या सहज हाताळू नये, असं सरकारी यंत्रणेला सुनावलं. दोन्ही निकाल सोबत ठेवून वाचा. तक्रार करणाऱ्याकडे मोजणीचा नकाशा आणि पंचनामा असायला हवा. ‘सगळ्या गावाला माहीत आहे’ हा पुरावा होत नाही.

१३. जिंकलेली बाई अपात्र ठरली. मी दुसऱ्या क्रमांकावर होते, मग मी आपोआप सदस्य होते ना?

नाही. अपात्रतेने जागा रिकामी होते आणि रिकामी जागा पोटनिवडणुकीने भरते. दुसरा क्रमांक वर सरकत नाही. निवडणुकीतच गैरप्रकार झाला किंवा मतमोजणी चुकली असं म्हणणं असेल, तर ती वेगळी वाट आहे. निकालापासून १५ दिवसांत दिवाणी न्यायाधीशांकडे निवडणूक अर्ज करायचा. तिथे फेरमोजणी होऊन न्यायालय दुसऱ्या उमेदवाराला विजयी घोषित करू शकतं. ते १५ दिवस गेले की ही वाट बंद.

१४. जात वैधता प्रमाणपत्र वेळेत दिलं नाही तर?

राखीव जागेवर निवडून आलेल्याने ते ठरलेल्या मुदतीत द्यावंच लागतं, नाहीतर निवडच रद्द होते. मुदत आधी सहा महिन्यांची होती. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती बंधनकारक असल्याचं सांगितलं, तेव्हा कोल्हापूर महापालिकेच्या नगरसेवकांसह राज्यभरात कित्येकांची पदं टांगणीला लागली. त्यानंतर सरकारने मुदत १२ महिन्यांची केली. जात पडताळणी समितीकडून उशीर होतोय ही अडचण खरी असते, पण तेवढ्यावर विसंबू नका. उमेदवारी अर्ज भरायच्या आधीच पडताळणीसाठी प्रकरण दाखल करा आणि पोच जपून ठेवा.

१५. आमचे सदस्य ऊसतोडीला जातात, पाच-सहा महिने गावात नसतात. त्यांची जागा जाईल का?

जाऊ शकते, पण टाळता येते. चार महिन्यांपेक्षा जास्त काळ सलग गावाबाहेर राहिलं, किंवा सलग सहा महिने सभांना विनापरवानगी आलं नाही, तर पद जातं. पण ग्रामपंचायत सहा महिन्यांपर्यंत गावाबाहेर राहायची परवानगी देऊ शकते. म्हणून गाडी कारखान्याकडे निघण्याआधी रजेचा अर्ज द्यायचा आणि सभेत ठराव करून घ्यायचा. पोटासाठी बाहेर पडणाऱ्या माणसाचं पद हिसकावून घेण्यासाठी हे कलम केलेलं नाही. पण अर्ज नसला की विरोधकांच्या हाती आयतं कोलीत मिळतं.

१६. दोन जागा रिकाम्या असताना झालेले ठराव कायदेशीर आहेत का? आणि अविश्वास ठरावाचं गणित कसं करायचं?

ठराव वैध असतात. जागा रिकामी असली तरी उरलेले सदस्य कारभार चालवू शकतात, गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, मात्र हवी.

अविश्वासाचं गणित नीट समजून घ्या. बहुमत मोजतात ते ‘त्या वेळी सभेत बसण्याचा आणि मत देण्याचा हक्क असलेल्या’ सदस्यांवर, मंजूर जागांवर नाही. समजा हक्क असलेले १० जण आहेत आणि तीन चतुर्थांश लागतात, म्हणजे ८ मतं हवीत. त्यातल्या दोन जागा रिकाम्या झाल्या की उरले ८ आणि लागतात ६. म्हणजे दोन अपात्रतांनी पारडं फिरू शकतं. अविश्वासाच्या तोंडावर अचानक जुन्या तक्रारी वर येतात, त्याचं कारण पुष्कळदा हेच असतं. थेट निवडून आलेल्या सरपंचाच्या बाबतीत सदस्यांच्या ठरावानंतर ग्रामसभेत गुप्त मतदानही व्हावं लागतं.

१७. पोटनिवडणुकीत कोणीच अर्ज भरला नाही. किंवा गावाने ‘बोली’ लावून बिनविरोध केलं. चालतं का?

अर्ज नसेल तर जागा तशीच रिकामी राहते आणि पुढच्या कार्यक्रमात पुन्हा येते. अशा जागा बहुतेक राखीव असतात आणि वॉर्डात त्या प्रवर्गाचं माणूस असूनही हातात जातीचा दाखला नसतो. गावाने एखाद्या ताईला दाखला काढायला मदत केली, तहसीलचे दोन हेलपाटे घातले, तर जागा भरते. शिक्षणाची अटही बघा: १ जानेवारी १९९५ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना सातवी उत्तीर्ण असणं लागतं.

समजुतीने बिनविरोध झालेली निवड पूर्ण कायदेशीर. लिलाव नाही. देवळाच्या जीर्णोद्धारासाठी का होईना, पैशावर जागा विकली की ती निवडणूक राहत नाही. जानेवारी २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी या दोन गावांची अख्खी निवडणूक आयोगाने याच कारणाने रद्द केली. तुमच्या गावात असं काही घडत असेल तर तहसीलदारांना लेखी कळवा.

१८. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीतही असंच असतं का?

पोटनिवडणूक तिथेही आयोगच घेतो, पण तिथे पक्षचिन्हं असल्यामुळे पक्षांतराने जागा रिकामी होण्याचा प्रकार वाढतो. त्यासाठी १९८६ चा स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम आहे. ग्रामपंचायतीला तो लागू नाही, कारण तिथे पक्ष अधिकृतपणे नसतातच. पॅनेल बदललं म्हणून सदस्याला काढा, ही मागणी त्यामुळे टिकत नाही.

एकाच निकालाने ढिगाने जागा रिकाम्या झाल्याचं उदाहरण २०२१ चं. ४ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकूण ५० टक्क्यांच्या वर गेलेलं ओबीसी आरक्षण रद्द केलं. त्यावर निवडून आलेल्यांची पदं गेली आणि त्या जागा सर्वसाधारण प्रवर्गातून भरायच्या ठरल्या. धुळे, नंदुरबार, अकोला, वाशीम, नागपूर आणि पालघर या जिल्हा परिषदांतले ८५ विभाग (म्हणजे मतदारसंघ) आणि त्यांच्याखालच्या पंचायत समित्यांचे १४४ गण (त्यांचे मतदारसंघ) यांच्यासाठी ५ ऑक्टोबर २०२१ रोजी मतदान लागलं. लोकांनी रीतसर निवडून दिलेली माणसं स्वतःची काही चूक नसताना घरी गेली. मला आजही त्याचं वाईट वाटतं.

१९. नगरपालिका, महापालिकेत नगरसेवकाची जागा रिकामी झाली तर?

निवडून आलेल्याची जागा पोटनिवडणुकीने. स्वीकृत सदस्याची जागा मात्र सभागृहातल्या पक्षबळाप्रमाणे नाव सुचवून नव्या नेमणुकीने भरते, तिथे मतदारांना मत नसतं. शहरांसाठी आयोगाचा नोव्हेंबर २०१८ चा आदेशही लक्षात ठेवा, तो पोटनिवडणुकांनाही लागू आहे: ‘नोटा’ला सर्वाधिक मतं पडली तर निवडणूक पुन्हा होते.

२०. सगळ्याच सदस्यांनी राजीनामे दिले तर प्रशासक येतो का? मुदत संपल्यावर येतो तोच का हा?

निम्म्याहून जास्त जागा रिकाम्या झाल्या, तर सरकार ग्रामपंचायत विसर्जित करू शकतं. विसर्जन झालं की घटनेप्रमाणे सहा महिन्यांच्या आत निवडणूक व्हायला हवी आणि नवी पंचायत उरलेल्या मुदतीपुरतीच असते. उरलेली मुदत सहा महिन्यांपेक्षा कमी असेल तर वेगळी निवडणूक घेणं आवश्यक नसतं.

मुदत संपूनही निवडणूक झाली नाही म्हणून येणारा प्रशासक ही वेगळी गोष्ट. २०२० साली करोनामुळे १४ हजारांहून अधिक ग्रामपंचायतींच्या निवडणुका लांबल्या. तेव्हा पालकमंत्र्यांच्या सल्ल्याने ‘योग्य व्यक्ती’ प्रशासक नेमायचं ठरलं, त्यावर गावोगाव संताप उसळला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि न्यायालयाने अंतरिम आदेशात सरकारी अधिकाऱ्यांनाच नेमायला सांगितलं. शेवटी १४,२३४ ग्रामपंचायतींसाठी १५ जानेवारी २०२१ रोजी मतदान लागलं. मुंबई महापालिकेवर ७ मार्च २०२२ नंतर आलेला प्रशासकही मुदत संपल्यामुळेच आलेला होता.

२१. देवळाली, खडकी, देहूरोडसारख्या छावणीत आणि गोव्यात काय होतं?

छावणी परिषदा केंद्राच्या २००६ च्या कायद्याखाली येतात, राज्य आयोगाखाली नाही. निवडून आलेलं मंडळ नसेल तर तिथे अध्यक्ष, मुख्य कार्यकारी अधिकारी आणि केंद्राने नेमलेला एक नागरी सदस्य कारभार बघतात. देशभरातल्या ५७ छावण्यांची ३० एप्रिल २०२३ ला ठरलेली निवडणूक रद्द झाली होती.

गोव्यात १९९४ चा गोवा पंचायत राज कायदा आहे आणि वेगळा राज्य आयोग आहे. तिथे सरपंच पंच सदस्यांमधूनच निवडला जातो, त्यामुळे पद रिकामं झालं तर गावभर मतदान होत नाही, पंचच नवा सरपंच निवडतात.

२२. पोटनिवडणुकीत मी हरलो. खर्चाचा हिशेब तरीही द्यायचा का?

हो, हरलात तरी, बिनविरोध आलात तरी. निकालानंतर ३० दिवसांत. न दिल्यास आयोग पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरवू शकतो. झेरॉक्स, पत्रकं, रिक्षावरचा भोंगा, कार्यकर्त्यांचा चहा, सगळ्याच्या पावत्या एका पाकिटात ठेवा आणि हिशेब देताना पोच घ्यायला विसरू नका.